वेंडेलचा नवा कॉम्प्युटर आणि ऑर्लिनचा जुना मासा

"एका दुपारचं काम आहे!" वेंडेल टॉस्ट्रुडने सोमवारी सकाळी स्वयंपाकघरात जाहीर केलं. "बत्तीस वर्षं शाळेची बस चालवली मी. चार जातींच्या बसेस! एकीचा ब्रेक इथे, दुसरीचा तिथे. कधी चुकलो? एकदाही नाही! मग ह्या कॉम्प्युटरवरून त्या कॉम्प्युटरवर जायला असा किती वेळ लागणार?"

"हं," मार्लिस म्हणाली.

सेहेचाळीस वर्षांच्या संसारात बायकोच्या 'हं'चा अर्थ लावायचा नाही, एवढं वेंडेल शिकला होता. त्याने ते तसंच जाऊ दिलं.

जुना कॉम्प्युटर चौदा वर्षांचा, विंडोजवाला. तो सुरू करून वेंडेल कॉफी करायचा, ती प्यायचा, अंगणातलं बर्फ उपसून यायचा, आणि परत येईपर्यंत मशीन जेमतेम डोळे उघडत असे. आतला पंखा तर असा घरघरायचा की टीव्हीवरच्या बातम्या ऐकू यायच्या नाहीत. शेवटी मिनिआपोलिसच्या लेकीने, सिग्नेने, स्वतःसाठी नवा घेतला आणि आपला दोन वर्षांचा मॅक बापाला पाठवून दिला. "मी येते शनिवारी, सगळं शिकवते," असंही म्हणाली.

"तू कशाला दोनशे मैल गाडी हाकतेस!" वेंडेल म्हणाला. "मला येतं की!"

येत नव्हतं. पहिल्या तासाभरातच सी ड्राइव्ह हरवला. वेंडेलने तो सगळीकडे शोधला, पण ह्या मशिनात तो नव्हताच. मग कॉपी होईना. चौदा वर्षं करंगळीने जे बटण दाबलं होतं त्याला इथे काही किंमतच नव्हती. त्याचं काम शेजारच्या बटणाला दिलेलं. पान वर ढकलावं तर खाली जायचं, खाली ढकलावं तर वर! मंगळवारी मार्लिस नुसती मागून चालली होती तर वेंडेल तिच्यावरच खेकसला, "मी काहीही केलेलं नाही!"

"मी कुठे काय म्हणाले?" मार्लिस म्हणाली आणि बटाटे घेऊन पुढे गेली.

खरा घोळ होता खिडकी बंद करण्याचा. जुन्या मशिनात उजव्या कोपऱ्यात एक फुली होती. ती दाबली की खेळ खलास. इथे वेंडेलचा हात सवयीने उजवीकडे जायचा आणि मोकळाच परत यायचा. बुधवारी त्याला शोध लागला की डाव्या कोपऱ्यात तीन बारीक मणी आहेत. लाल, पिवळा, हिरवा.

"अगं, हा तर सिग्नल!" तो खूश होऊन ओरडला.

आता, ज्याने बत्तीस वर्षं शाळेची बस चालवली त्याला सिग्नल कुणी शिकवायचा? बसचे पिवळे दिवे लुकलुकले की त्याचा अर्थ, मी थांबतोय, तुम्ही जरा सांभाळा. लाल दिवे लागले की मात्र दोन्ही बाजूंची वाहनं जिथल्या तिथे थांबली पाहिजेत, कायदाच आहे! म्हणजे लाल मणी दाबायचा तर समोरच्या सगळ्यांना थांबवायचं. भल्या माणसाने असं ऊठसूट करू नये. आपल्यापुरतं हळूच बाजूला व्हायचं असेल तर पिवळा.

आणि पिवळा मणी दाबल्यावर खिडकी खरोखरच निमूटपणे घरंगळत खाली जायची आणि पडदा लख्ख! वेंडेलचं समाधान झालं. गुरुवारपर्यंत पडद्याच्या तळाशी बारीक बारीक चित्रांची एक लांबच लांब रांग लागली. ती शोभेसाठी असावी असं त्याने ठरवून टाकलं.

"झालं!" गुरुवारी दुपारी तो म्हणाला. "एका दुपारचं काम."

"गुरुवारची दुपार," मार्लिस म्हणाली.

त्याच दुपारी चार वाजता चर्चच्या माशाच्या जेवणाची कमिटी भरायची होती, आणि वेंडेल अध्यक्ष होता. नोव्हेंबरच्या मानाने बर्फ जरा जास्तच पडल्यामुळे एल्बर्गचे रस्ते बंद होते, तेव्हा सभा कॉम्प्युटरवर घ्यायची ठरली.

हे माशाचं जेवण म्हणजे एल्बर्ग गावाचा मानबिंदू. डिसेंबरच्या पहिल्या शनिवारी चर्चच्या तळघरात चारशे माणसं लुटफिस्क खायला जमतात. लुटफिस्क म्हणजे वाळवून लाकूड केलेला मासा. तो आधी कॉस्टिक सोड्यात भिजवायचा, मग तो सोडा जावा म्हणून कित्येक दिवस पाण्यात भिजवायचा, मग उकडायचा, आणि वर लोणी ओतून खायचा. नॉर्वेहून आलेल्या पूर्वजांनी तो नाइलाजाने खाल्ला. नातवंडं अभिमानाने खातात.

गेली एकतीस वर्षं हा मासा ऑर्लिन हॉगन शिजवत होता. वय ब्याऐंशी. ह्याच ऑर्लिनने वेंडेलला बस चालवायला शिकवलं होतं. आणि गेली एकतीस वर्षं पातेल्यातली पहिली प्लेट ऑर्लिन स्वतःच्या हाताने वेंडेलपुढे आणून ठेवायचा. वेंडेल पहिला घास खायचा, मान डोलवायचा, "मस्त झालाय!" म्हणायचा, आणि मगच तळघरात काटेचमचे वाजायला लागायचे.

सभा छान झाली. जुन्या मशिनाचे इयरफोन नव्या मशिनात खोचून वेंडेल ऐटीत बसला होता. पडद्यावर आठ चौकोन, आठ चेहरे. चिटणीस बर्निस ओपडालने मागच्या सभेचं इतिवृत्त वाचलं. मग तिने दरवर्षीचा प्रश्न विचारला. "यंदाही मासाच ना? की नुसते मटणाचे गोळे ठेवायचे? कुणाचं काही म्हणणं?"

कुणाचंच काही म्हणणं नव्हतं. एल्बर्गमध्ये कधीच कुणाचं काही म्हणणं नसतं.

"वेंडेल, तुझं?"

"छे छे! मासा हवाच!" वेंडेल म्हणाला.

वरच्या चौकोनात ऑर्लिनने मान डोलवली. "माझा खुबा जरा दुखतोय," तो म्हणाला, "पण तुम्हाला सगळ्यांना हवाय म्हटल्यावर करू."

चार पस्तीसला वेंडेल म्हणाला, "बरं तर... निघूया मग."

एल्बर्गमध्ये 'निघूया' म्हणणं म्हणजे निघण्याची नुसती सुरुवात. पुढे हवामान, मग कुणाच्या तरी गुडघ्याचं ऑपरेशन, मग दारात उभं राहून पुन्हा हवामान, असा अर्धा तास सहज जातो. पण चार दिवस मशिनाशी झगडून वेंडेल दमला होता, आणि कॉफीचा वास येत होता. त्याने कानातले इयरफोन काढून टेबलावर ठेवले. लाल मणी दाबून सगळ्यांचं बोलणं तोडणं काही बरं दिसलं नसतं. म्हणून त्याने सभ्यपणे पिवळा दाबला. आठही चेहरे घरंगळत तळाला गेले. पडद्याच्या वरच्या कडेला, कॅमेऱ्याशेजारी, एक इवलासा हिरवा दिवा तेवढा जळत राहिला. हिरवा म्हणजे रस्ता मोकळा! वेंडेल खुर्ची सरकवून पाच पावलांवरच्या स्वयंपाकघरात गेला.

"झाली पण सभा?" मार्लिसने विचारलं. "इतक्या लवकर?"

"नव्या मशिनाची कमाल!" वेंडेल म्हणाला. "एक टिचकी आणि सुटका! आयुष्यात पहिल्यांदा मी बर्निसच्या गुडघ्याचं न ऐकता उठलो. कॉफी दे."

"काय ठरलं?"

"काय ठरणार! पुन्हा तोच मासा!" वेंडेलने कपाळावर हात मारला. "मार्लिस, आपल्या बागेतला पाइप धुवून खाल्ला तर त्याला जास्त चव लागेल! चमच्यावर घेतला की थरथरतो! आणि तोंडात चावायला काही नसतंच, तो आपला आपण घशाकडे निघतो! एकतीस वर्षं मी तो रुमालात गुंडाळून कोटाच्या खिशात भरतोय. माझे किती कोट गेले?"

"सात."

"सात कोट! एकदा शेजारच्या मांजराला घातला. तेव्हापासून ते मांजर आपल्या अंगणातून येत नाही, रस्त्याने वळसा घालून जातं!"

"मग सांग ना त्यांना तसं."

"कुणाला? ऑर्लिनला?" वेंडेलचा आवाज एकदम खाली आला. "अगं, माझे वडील गेले तेव्हा अकरा दिवस, भर जानेवारीत, त्या माणसाने स्वतःची फेरी करून वर माझीही फेरी केली. ऑफिसात कुणाला पत्ता लागू दिला नाही. माझा एका दिवसाचा पगार कापला गेला नाही की त्याने कधी तो विषय काढला नाही. त्या माणसाला मी सांगू, की तुमच्या हातचं मला गिळवत नाही? त्यापेक्षा आणखी एकतीस प्लेटा खाईन मी!"

मार्लिसने कान टवकारले. "वेंडेल, कुठेतरी किडा कुरकुरतोय का रे?"

खरंच टेबलाच्या बाजूने काहीतरी बारीक किरकिरत होतं.

"नवीन मशीन आहे ना, थंड होत असेल," वेंडेल ठामपणे म्हणाला आणि पुन्हा माशाकडे वळला. त्याने माशाचा रंग, वास, फुकट जाणारं लोणी, सगळ्याचा समाचार घेतला. एकतीस वर्षांचं साठलेलं ते, दोन कप कॉफीत थोडंच संपणार! शेवटी मार्लिस म्हणाली, "बरं, ते राहू दे. पायऱ्यांवरचं बर्फ कोण काढणार? तू करतोस ना?"

"करतो की! त्यात काय एवढं! आनंदाने करतो!" वेंडेल म्हणाला. मन मोकळं झाल्यामुळे त्याला खरोखरच हलकं वाटत होतं.

बर्फ काढायला जाता जाता मशीन बंद करावं म्हणून तो टेबलापाशी आला. तळाच्या शोभेच्या रांगेतलं शेवटचं चित्र जरासं हलल्यासारखं वाटलं, म्हणून त्याने त्यावर टिचकी मारली.

आठ चेहरे परत वर आले.

सगळे जागच्या जागी बसलेले. बर्निसच्या हातात पेन. टेक्ससहून चर्चमध्ये नुकत्याच रुजू झालेल्या पास्टर रनी दोन्ही हातांनी तोंड दाबून बसल्या होत्या. ऑर्लिन पडद्याकडे न बघता खिडकीबाहेर बघत होता. वेंडेलने इयरफोन कानात घातले.

"वेंडेल," बर्निस अगदी गोड आवाजात म्हणाली, "मग सभा संपली असं समजायचं ना?"

"हो," वेंडेल म्हणाला. त्याचा आवाज बेडकासारखा आला.

"बर्फ फार पडतंय, नाही?"

"पडतंय खरं."

"जपून राहा हं."

"तुम्ही पण."

मग हवामान झालं. मग बर्निसचा गुडघा झाला. मग कुणाच्या तरी ट्रकची बॅटरी झाली. पंचवीस मिनिटं सगळे आळीपाळीने बोलले, आणि माशाचं नाव कुणी काढलं नाही! ऑर्लिन फक्त शेवटी "येतो" म्हणाला, आणि त्याचा चौकोन काळा झाला.

"कदाचित त्यांना काही ऐकू गेलं नसेल," वेंडेल मार्लिसला म्हणाला.

"गेलं," मार्लिस म्हणाली.

शुक्रवारी सकाळी बर्निसने सभेचं इतिवृत्त सगळ्यांना पाठवलं. बर्निस कधी काही गाळत नाही.

'४.३५. अध्यक्ष "निघूया" म्हणाले. ४.३६ ते ५.०८. अध्यक्षांनी लुटफिस्कविषयी आपले विचार मांडले. विचार वेगळे होते. ५.०२. ऑर्लिन हॉगन यांनी यंदापासून मासा शिजवण्याचे काम सोडत असल्याचे सांगितले. ५.०६. ते काम अध्यक्षांनी घ्यावे, अशी सूचना आली. अध्यक्षांना तीनदा विचारण्यात आले. ५.०९. अध्यक्ष म्हणाले, "करतो की! त्यात काय एवढं! आनंदाने करतो!" सूचना एकमताने मंजूर. ता. क. मांजराचा उल्लेख सभासदांच्या इच्छेवरून वगळला आहे.'

वेंडेलने ते दोनदा वाचलं. आपण काय कबूल करून बसलो हे त्याच्या डोक्यात शिरलंच नाही. त्याला एकच ओळ दिसत होती. ऑर्लिनने काम सोडलं!

"मी त्याचं मन मोडलं, मार्लिस," तो म्हणाला. त्याच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. "चाळीस वर्षांची मैत्री, आणि मी ती एका मण्यापायी घालवली."

"जा त्याच्याकडे," मार्लिसने त्याचा कोट आणून दिला.

बर्फ ढकलणारा नांगर नुकताच फिरून गेलेल्या रस्त्याने वेंडेल जीव मुठीत धरून ऑर्लिनच्या घरी पोचला. ऑर्लिनने दार उघडलं, काठी टेकत आत नेलं, कॉफी ओतली. वीस मिनिटं दोघं हवामानावर बोलले. शेवटी वेंडेलच्याने राहवेना.

"ऑर्लिन, काल मी जे काही बोललो ना..."

"ऐकलं मी."

"तुम्ही उठून का नाही गेलात हो? बाकीचे का नाही गेले?"

"तू अध्यक्ष!" ऑर्लिन म्हणाला. "सभा संपली म्हणालाच नाहीस. अध्यक्ष बोलत असताना उठून जायचं? पास्टर बिचाऱ्या ओरडत होत्या, 'वेंडेल, सगळं ऐकू येतंय!' फोन लावते म्हणाल्या. बर्निसने अडवलं. माणूस आपल्या बायकोशी बोलतोय, मधेच फोन करणं बरं दिसत नाही म्हणाली."

"आणि तुम्ही काम सोडलंत. माझ्यामुळे."

"तुझ्याचमुळे."

वेंडेलने मान खाली घातली. "मला माफ करा, ऑर्लिन."

ऑर्लिनने कप खाली ठेवला. मग त्याचे खांदे हलायला लागले. वेंडेलला वाटलं म्हातारा रडतोय. बघतो तर तो हसत होता!

"अरे गाढवा," ऑर्लिन म्हणाला, "मी आजवर त्या माशाचा एक घास खाल्लेला नाही! मला त्याचा वासच सहन होत नाही. नाकाला मलम लावून शिजवतो मी!"

"काय सांगता!"

"दहा वर्षांपूर्वीच सोडणार होतो. खुबा तेव्हापासून दुखतोय. पण दरवर्षी तू पहिला घास खायचास, आणि तुझा चेहरा असा काही व्हायचा की मला वाटायचं, केवढं प्रेम आहे ह्याचं ह्या माशावर! डोळे भरून यायचे तुझे! म्हटलं, आपण सोडलं तर हा पोरगा वर्षभर कशाची वाट बघणार? तुझ्यासाठी करत होतो रे मी. आणखी कुणासाठी नाही."

वेंडेलने टेबलावरून हात पुढे केला, ऑर्लिनने तो धरला, आणि दोन म्हातारे खिडकीबाहेरच्या बर्फाकडे बघत हसत बसले. एवढं हलकं वेंडेलला किती वर्षांत वाटलं नव्हतं.

"म्हणजे सुटलो की आपण!" तो म्हणाला. "यंदा नुसते मटणाचे गोळे!"

"छे छे, मासा असणार," ऑर्लिन म्हणाला. "चारशे तिकिटं खपलीत. आणि तू हो म्हणालास ना."

"मी पायऱ्यांवरच्या बर्फाला हो म्हणालो!"

"हो का?" ऑर्लिनचा चेहरा जरासा उतरला. "मला आपलं बरं वाटलं होतं. काल किती दिवसांनी मला शांत झोप लागली. पण तुला नको असेल तर सांग हं स्पष्ट. मी करीन की. एवढं काही दुखत नाही."

वेंडेलने तोंड उघडलं. काल दुपारी जे काही सहज बाहेर पडलं होतं त्यातलं एक अक्षरही आता घशातून वर येईना.

"नाही नाही," तो म्हणाला. "आवडेल मला."

"बघ बरं का."

"खरंच. आनंदाने करीन."

निरोप घेण्यात पाऊण तास गेला. ऑर्लिनने मोठं पातेलं, लांब दांड्याची पळी आणि नाकाला लावायच्या मलमाची डबी त्याच्या गाडीत ठेवायला लावली. मग तो काठी टेकत दारात उभा राहून हात हलवू लागला. वेंडेल गाडीत बसला. त्याने खिशातला फोन काढला, बंद केला, बंद झाल्याची दोनदा खात्री करून घेतली. काचा वर केल्या. मग ऑर्लिनकडे बघून, चेहऱ्यावरचं हसू जराही ढळू न देता, एका हाताने निरोप घेत घेत, त्याला त्या माशाबद्दल जे काही म्हणायचं होतं ते सगळं तो पहिल्यापासून पुन्हा म्हणाला.